संघात मतदान घ्यावं का? (सॉक्रेटिस, कॉरिंथियन्स आणि आमची अठरा पोरं)

डावा_विंगर
मंडळी, मी कोल्हापुरात पंधरा वर्षांखालच्या पोरांचा एक छोटा संघ सांभाळतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी, हे सकाळचं वेड. गेल्या महिन्यात पावसानं सराव बुडाला म्हणून पोरांना ओट्यावर बसवून ब्राझीलच्या सॉक्रेटिसची गोष्ट सांगितली. १९८२ च्या वर्ल्डकपमधला ब्राझीलचा कप्तान, दाढीवाला, उंच, टाचेनं पास देणारा, शिकून डॉक्टर झालेला. देशात लष्कराची सत्ता असताना ह्या माणसानं आणि त्याच्या सोबत्यांनी कॉरिंथियन्स क्लबात मतदान सुरू केलं. सराव कधी, बस कुठं थांबवायची, कोणता खेळाडू घ्यायचा, सगळ्यावर मत. स्टार खेळाडूला एक मत आणि किट सांभाळणाऱ्यालाही एकच.

गोष्ट संपली आणि आमचा राइट बॅक म्हणाला, "सर, मग आपण पण घेऊया की."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. घ्यावं का? पोरं तेरा-चौदा वर्षांची. शिस्त मोडेल ही भीती आहे, आणि नाही म्हटलं तर गोष्ट कशाला सांगितली असं होतंय. ज्यांना ह्या प्रकरणाची माहिती आहे त्यांनी लिहा. तिथं हे खरंच चाललं होतं, की नुसती जाहिरात होती?

मंगळवार_पेठ
लई भारी धागा भावा. पण मतदान घेतलंस तर पहिला ठराव काय येणार माहितीय का? सरावानंतर मिसळ. एकमतानं मंजूर.

आडवातिडवा
आणि दुसरा ठराव: कट वाढवून.

अभ्यासू_कासव
चांगला विषय. थोडी पार्श्वभूमी देतो, नाहीतर गोष्ट हवेत तरंगते.

ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्करानं सत्ता घेतली. सॉक्रेटिस तेव्हा दहा वर्षांचा. त्याचे वडील रायमुंदो गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर शिकलेले, घरात पुस्तकांचा ढीग, त्यात ग्रीक तत्त्वज्ञांचं वेड. म्हणून पोरांची नावं सॉक्रेटिस, सोस्तेनिस, सोफोक्लिस. सत्तापालट झाल्यावर त्याच वडलांनी भीतीपोटी आपली काही पुस्तकं घरात जाळली आणि पोरानं ते पाहिलं. पुढे त्यानं हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे. बाकी सगळं ह्या एका धुरातून सुरू होतं असं मला वाटतं.

क्लबातल्या मतदानाची सुरुवात मात्र क्रांतीतून झाली नाही, पराभवातून झाली. १९८१ मध्ये कॉरिंथियन्स इतके वाईट खेळले की १९८२ ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांना दुसऱ्या फळीतून सुरू करावी लागली. नवा अध्यक्ष आला वाल्देमार पिरेस, आणि त्यानं फुटबॉलचा कारभार आदिल्सन मोंतेरो आल्वेस ह्या समाजशास्त्राच्या माणसाकडे सोपवला. आदिल्सनला फुटबॉलचा अनुभव जवळजवळ शून्य. त्यामुळे त्यानं जे कोणी जाणता करणार नाही ते केलं, खेळाडूंनाच विचारलं की काय चुकतंय. सॉक्रेटिस, लेफ्ट बॅक व्लादिमीर (हा कामगार चळवळीच्या जवळचा) आणि एकोणीस वर्षांचा कासाग्रांदे ह्यांनी तो धागा पकडला. त्यानंतर १९८२ आणि १९८३ अशी दोन वर्षं सलग साओ पावलो राज्याचं विजेतेपद. तेव्हा 'नुसती जाहिरात' म्हणता येणार नाही.

मंगळवार_पेठ
आमच्याकडं हरल्यावर कोच पोरांना विचारत न्हाई. पोरांच्या बापाला विचारतो.

फोंडेकार
अवांतर, पण राहवत नाही. ब्राझीलमध्ये त्याला सॉक्रेटिस म्हटलं तर कोणी मागे वळून बघणार नाही. तिथे 'सॉक्राचिस'. आमचे आजोबा गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते 'सॉक्रातिश' म्हणायचे आणि ब्राझिली उच्चार ऐकला की तोंड वाकडं करायचे. त्याचं पूर्ण नाव तर सॉक्राचिस ब्राझिलेइरो सांपायो दि सोझा व्हिएरा दि ओलिव्हेरा. म्हणजे नावातच 'ब्राझिली' आहे. आमच्या वाड्यावरच्या अर्ध्या घरांची आडनावं त्या एका नावात आली.

आडवातिडवा
आधार कार्डावर मागच्या बाजूला पण लिहावं लागलं असतं.

सरळरेष
मला ह्या गोष्टींचं फार कौतुक नाही, स्पष्टच सांगतो. फुटबॉल म्हणजे फुटबॉल. एकानं हुकूम द्यायचा, अकरांनी पळायचं. त्या संघातही सगळे खूश नव्हते. १९८३ मध्ये आलेला गोलकीपर लिआंव (१९७० पासून वर्ल्डकपच्या संघात असलेला माणूस) ह्याला हा प्रकार अजिबात पटत नव्हता. चार वजनदार लोक बोलतात आणि बाकीचे हात वर करतात, ही लोकशाही का? आणि संघात सॉक्रेटिससारखा खेळाडू असेल तर तुम्ही मतदान घ्या, गोट्या खेळा, काहीही करा, जिंकणारच.

शिवाय एक सांगा. ज्या वर्ल्डकपमुळे तो प्रसिद्ध झाला तिथे काय झालं? ५ जुलै १९८२, बार्सिलोनाचं सारिया मैदान, इटलीविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. २-२ झाल्यावरही हे पुढेच पळत राहिले. पाओलो रोसीचे तीन गोल, ३-२, घरी. तिथे कोणीतरी हुकूम द्यायला हवा होता.

सांबा_मिसळ
नोकरीसाठी काही काळ साओ पावलोत होते, म्हणून लिहिते. माझ्या शेजारी बसणारा सहकारी जन्मजात पाल्मेइरासवाला, म्हणजे कॉरिंथियन्सचा हाडवैरी. तोही सरळरेष यांच्यासारखंच म्हणायचा, 'ते सगळं एका जाहिरातवाल्यानं केलं.' त्यात थोडं तथ्य आहे. वॉशिंग्टन ओलिवेतो हा तिथला नावाजलेला जाहिरातकार क्लबाच्या प्रचाराचं काम बघत होता. 'कॉरिंथियन लोकशाही' हे शब्द शर्टाच्या पाठीवर, जिथे एरवी कंपनीचं नाव येतं तिथे, छापायची कल्पना त्याच्या काळातली. पण जाहिरात कशाची होती ते बघा. नोव्हेंबर १९८२ मध्ये शर्टावर होतं '१५ तारखेला मतदान करा'. साओ पावलोच्या लोकांना १९६२ नंतर पहिल्यांदाच आपला गव्हर्नर थेट निवडायला मिळत होता. कोणाला मत द्या हे शर्टावर नव्हतं. फक्त जा आणि द्या.

आणि १९८३ च्या अंतिम सामन्याला मैदानात आणलेला तो लांबलचक फलक: 'जिंका किंवा हरा, पण नेहमी लोकशाहीसह'. पाकाएंबू स्टेडियमच्या पोटात फुटबॉलचं संग्रहालय आहे, तिथे माझा तो सहकारी मला स्वतःहून घेऊन गेला होता. सगळीकडे बडबड चालू होती त्याची, आणि ह्या विषयापाशी आल्यावर गप्प. बाहेर आल्यावर म्हणाला, "आमच्या क्लबानं करायला हवं होतं हे."

सरळरेष यांच्या वजनदार लोकांच्या मुद्द्यावर: हो, सॉक्रेटिसच्या शब्दाला वजन होतं. माझ्या सोसायटीतही तसंच आहे, आणि तिथे तर कोणी टाचेनं पासही देत नाही.

स्टेथो
मी डॉक्टर आहे आणि विद्यार्थीदशेत व्हॉलीबॉल खेळायचो, म्हणून ह्या माणसाबद्दल जास्त आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. रिबेराव प्रेतोच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना तो तिथल्याच बोताफोगो क्लबाकडून व्यावसायिक फुटबॉल खेळत होता. मोठ्या क्लबात, म्हणजे कॉरिंथियन्सला, तो १९७८ मध्ये गेला तो पदवी पदरात पडल्यावरच. आमच्या वेळी एक वार्षिक स्नेहसंमेलन केलं तरी फिजिओलॉजी राहायची.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. हा माणूस सिगारेट आणि बिअर ह्यांबद्दल कधी लपवाछपवी करत नसे, आणि ती त्याला भोवली. २०११ मध्ये पोटातल्या रक्तस्रावासाठी रुग्णालयात, मग पुन्हा, आणि ४ डिसेंबरला संसर्गातून आलेल्या सेप्टिक शॉकनं मृत्यू. वय ५७. यकृत आधीच खराब झालेलं. डॉक्टरला हे कळत नव्हतं का? कळत होतं. माझ्या ओळखीतले तीन डॉक्टर रोज संध्याकाळी हेच करतात आणि सकाळी रुग्णांना पथ्य सांगतात. डावा_विंगर, पोरांना गोष्ट सांगाल तर हा भाग गाळू नका. गाळलात की तो देव होतो, आणि देवाला कोणी प्रश्न विचारत नाही.

गवती_चहा
स्टेथो यांच्याशी सहमत. आणि तो गेला तो दिवस रविवार होता. त्याच संध्याकाळी कॉरिंथियन्सचा लीगचा शेवटचा सामना, पाल्मेइरासविरुद्ध. सुरुवातीला मधल्या वर्तुळात उभे राहून खेळाडूंनी उजवी मूठ वर केली, गोल केल्यावर तो करायचा तशी. ०-० झाली आणि कॉरिंथियन्स विजेते. मी ते चित्र पाहिलं तेव्हा ऑफिसच्या बसमध्ये होते, शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणी घरचं गेलं का?

लीड्सकर
मी गेली बरीच वर्षं लीड्सजवळ राहतो. इथून मोटारीनं पंधरा-वीस मिनिटांवर गार्फर्थ नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणींचं जुनं गाव. तिथल्या अगदी खालच्या लीगमधल्या क्लबाकडून सॉक्रेटिस २००४ च्या नोव्हेंबरमध्ये खेळला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. बदली खेळाडू म्हणून शेवटची दहा-बारा मिनिटं. यॉर्कशरचा नोव्हेंबर म्हणजे काय हे इथल्यांना विचारा. इथला एक वयस्कर शेजारी अजून सांगतो की तो बाकावर बसला होता तेव्हा टोपी, हातमोजे, जाडजूड कोट घालून असा गुरफटला होता की लोकांना वाटलं क्लबानं कोणीतरी भलताच माणूस आणला.

बाकी खेळाडूनं बोलावं का ह्यावर इथलं अलीकडचं उदाहरण इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड. जून २०२० मध्ये त्यानं खासदारांना उघड पत्र लिहिलं की शाळा बंद असल्या तरी गरीब मुलांच्या जेवणाची कुपनं उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद करू नका. सरकारनं आधी नाही म्हटलं, आणि पत्रानंतर दोन दिवसांत निर्णय फिरवला. इंग्लंडमधल्या सुमारे १३ लाख मुलांचा प्रश्न होता. वय बावीस. लहानपणी स्वतः तेच जेवण जेवलेला, म्हणून त्याला भाषण लिहून द्यावं लागलं नाही.

सरळरेष
रॅशफर्डचं मान्य. त्यानं एक मागणी केली, ती मोजता येण्यासारखी होती, मिळाली. पण आयव्हरी कोस्टचा फुटबॉलपटू द्रोग्बाचं बघा. त्याच्या देशात तेव्हा सरकार विरुद्ध बंडखोर असं यादवी युद्ध होतं. ऑक्टोबर २००५, आयव्हरी कोस्टनं सुदानला त्यांच्याच देशात हरवून पहिल्यांदा वर्ल्डकप गाठला आणि ड्रेसिंग रूममध्ये सगळे कॅमेऱ्यासमोर गुडघ्यावर. 'शस्त्रं खाली ठेवा.' अजूनही लोक फॉरवर्ड करतात की द्रोग्बानं युद्ध थांबवलं. मग २०१०-११ मध्ये तिथे परत रक्तपात झाला तो कोणी केला? गुडघे टेकून युद्ध थांबत असतं तर काय हवं होतं.

अभ्यासू_कासव
फॉरवर्ड चुकीचं आहे, तुमचा राग बरोबर आहे. पण कोणी शहाणा माणूस म्हणत नाही की एका चित्रफितीनं युद्ध थांबलं. मला त्याहून २००७ चा सामना मोठा वाटतो. जूनमध्ये मादागास्करविरुद्धची लढत सरकारच्या ताब्यातल्या आबिजानला न ठेवता बुआके इथं झाली, जे बंडखोरांचं ठाणं होतं. ५-० जिंकले. दोन्ही बाजूंचे लोक एका मैदानात बसले ही गोष्ट त्या दिवशी खरोखर घडली. चार वर्षांनी बिघडलं म्हणून ती घडलीच नाही असं होत नाही.

आडवातिडवा
आता कोणीतरी 'आपले क्रिकेटवाले का बोलत नाहीत' असं लिहिणार आणि धाग्याचं काश्मीर होणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गवती_चहा
आपले क्रिकेटवाले का बोलत नाहीत?

(कोणीतरी लिहायलाच हवं होतं.)

मंगळवार_पेठ
ते बोलतात की. पंख्याबद्दल, सिमेंटबद्दल, बनियनबद्दल.

फोंडेकार
विषयावर या. मला सॉक्रेटिसचा सगळ्यात मोठा क्षण १९८४ चा वाटतो. कासव, त्याबद्दल तुम्ही लिहिलंच नाही.

अभ्यासू_कासव
लिहिणार होतो, द्रोग्बात अडकलो.

१९८४ मध्ये 'दिरेतास झा' म्हणजे 'थेट निवडणूक, आत्ताच' अशी चळवळ पेटली होती. राष्ट्राध्यक्ष लोकांनी थेट निवडावा यासाठी दांते दि ओलिव्हेरा ह्या तरुण खासदाराची घटनादुरुस्ती संसदेत होती. १६ एप्रिलला साओ पावलोच्या आन्यांगाबाऊ खोऱ्यात प्रचंड सभा झाली, आकडा दहा लाखांच्या पुढे सांगतात. इटलीच्या फिओरेंतिनाचा प्रस्ताव सॉक्रेटिसकडे होताच. त्यानं व्यासपीठावरून सांगून टाकलं की दुरुस्ती मंजूर झाली तर मी देश सोडणार नाही.

२५ एप्रिलला मतदान. हवी होती ३२० मतं, पडली २९८. बावीस कमी. शंभराहून जास्त खासदार आलेच नाहीत. सॉक्रेटिस इटलीला गेला.

सांबा_मिसळ
आणि तिथे रमला नाही. एकच हंगाम. थंडी, शिस्त, आणि संघात कोणी कोणाला काही विचारत नाही.

सरळरेष
म्हणजे इटलीविरुद्ध हरला, संसदेत हरला, इटलीत जाऊन हरला. १९८६ ला फ्रान्सविरुद्ध पेनल्टीही गेली.

स्टेथो
ती पेनल्टी मी दूरदर्शनवर पाहिली आहे हो. आमच्या गल्लीत एकच टीव्ही. सामना रात्री साडेअकराला सुरू झाला आणि वाढीव वेळ वगैरे होऊन संपला तेव्हा दोन वाजून गेलेले. कपाळाला पट्टी बांधलेला तो उंच माणूस आला, जेमतेम एक पाऊल मागे सरला आणि मारला. फ्रान्सच्या बात्सनं अडवला. आमचे घरमालक म्हणाले, 'धावत यायला काय झालं होतं?' मागच्याच सामन्यात पोलंडविरुद्ध त्यानं अशीच उभ्या उभ्या घातली होती, तेव्हा ह्याच घरमालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या पट्टीवर काय लिहिलंय हे तेव्हा कळलं नव्हतं. स्पर्धेच्या सुरुवातीला तिच्यावर 'मेक्सिको अजून उभा आहे' असं असायचं, १९८५ च्या भूकंपानंतर. हे मला कळायला वीस वर्षं लागली.

गवती_चहा
सरळरेष, तुमची यादी बरोबर आहे, आणि मला तो आवडतो तो ह्या यादीमुळेच. जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगायला कोणाला सांगावं लागत नाही. पण डावा_विंगर यांनी विचारलं होतं ते वेगळंच. त्यांच्या पोरांना काही ब्राझीलमध्ये लोकशाही आणायची नाही. सॉक्रेटिसचं लाखोंच्या सभेतलं भाषण सोडा. मला वाटतं खरी गंमत बस कुठे थांबवायची त्या मतदानात आहे. सामन्याआधी खेळाडूंना दोन-तीन दिवस हॉटेलात कोंडून ठेवायची तिथे रीत होती, मोठ्या माणसांवर पहारा. त्यावरही त्यांनी आपसात वाद घातले, मतं घेतली आणि ती सक्ती मोडली. भाषण कोणीही करतं. बस थांबवायला विचारणारा मालक मी तरी नोकरीत अजून पाहिलेला नाही. एका ठिकाणी तर आम्हाला एसीचं तापमान सुचवायचं असेल तर फॉर्म होता.

सांबा_मिसळ
+१. आणि कोचसुद्धा! १९८३ मध्ये खेळाडूंनी आपल्यातल्याच झे मारियाला, म्हणजे राइट बॅकला, कोच म्हणून बसवलं होतं. फार दिवस टिकला नाही, पण बसवला.

मंगळवार_पेठ
ए डावा विंगर, तुझा राइट बॅकच बोलला होता न्हवं मतदान घ्या म्हणून? सांभाळ भावा.

सरळरेष
एक व्यावहारिक सूचना देतो, विरोधक असलो तरी. घेणारच असाल तर चिठ्ठ्या टाकून घ्या. हात वर करायला लावलेत तर सगळे तुमच्या किंवा कप्तानाच्या तोंडाकडे बघतील. आणि तुम्ही बदलू शकता तेवढंच विचारा. 'पुढची मॅच जिंकायची का' असं नको.

लीड्सकर
नागपूरच्या झोपडपट्टी फुटबॉलवाल्या बारसे सरांचं पण बघा कोणीतरी. २००१ पासून चालू आहे ते. तिथे पोरांकडून काय काय करून घेतात ते शिकण्यासारखं असेल. स्टार खेळाडूच लागतो असं नाही ह्या कामाला, क्रीडाशिक्षकही पुरतो.

डावा_विंगर
सगळ्यांचे आभार. इतकं येईल वाटलं नव्हतं. सरळरेष, तुमची सूचना जशीच्या तशी वापरली. काल मतदान घेतलं, वृत्तांत देतो.

अठरा पोरं, मी, आणि आमचे मामा. मामा म्हणजे पाण्याचे कॅन आणणारे, बिब धुणारे, जाळी बांधणारे. त्यांच्या हातात चिठ्ठी दिली तर म्हणाले, "मला कशाला? मी काय खेळतोय होय?" राइट बॅकनं त्यांना बसवून सॉक्रेटिसची अख्खी गोष्ट सांगितली. माझ्यापेक्षा बरी सांगितली. किटवाल्याला एक मत ह्या वाक्यावर मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पेन मागितलं.

पहिला प्रश्न: सराव साडेपाचला की साडेसहाला? साडेसहा, १३ विरुद्ध ७. मला वाटलं पोरं आळशी. मग मामा हळूच म्हणाले की सात वाजता त्यांना दुधाच्या रतिबाला जायचं असतं, साडेसहाला सुरू केलं तर जाळी कोण सोडणार. हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. कप्तानानं परत मतदान मागितलं. सहा वाजता, आणि जाळी पोरं सोडणार. एकोणीस मतं. विसावं कोणाचं ते चिठ्ठीमुळे कळलं नाही, संशय गोलकीपरवर आहे.

दुसरा: सामन्याच्या दिवशी मोबाइल कोचकडे जमा करायचे का? हो, ११ विरुद्ध ९. मी सांगितलं असतं तर रडारड झाली असती. तरी दोन पालकांचे फोन आलेच, की हे काय नवीन.

मिसळीचा ठराव आला होता. मंगळवार पेठेचा अंदाज बरोबर. बजेटअभावी पुढे ढकलला.

स्टेथो, दारूचा भागही सांगितला. एकानं विचारलं, "सर, डॉक्टर असून?" मी म्हटलं, हो. पुढं कोणी बोललं नाही, मीही नाही.

आडवातिडवा
आणि रविवारची मॅच?

डावा_विंगर
हरलो. २-०.

सरळरेष
काही बोलत नाही.

मंगळवार_पेठ
बोललास की रं. मिसळीची वर्गणी मी देतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

डावा_विंगर
धन्यवाद भावा, करतो. पुढच्या शनिवारच्या मतदानासाठी पोरांनी त्यांच्याकडून एक प्रश्न दिलाय. चिठ्ठी राइट बॅकच्या अक्षरात आहे. 'महिन्यातून एक दिवस कोच आम्ही निवडायचा का?'

मामांनी आधीच विचारून ठेवलंय, पेन आणू का म्हणून.